करंगळीचा दोष

सुधारकाचं खरं नाव फक्त त्याची बायको घ्यायची, आणि तेही रागावली असली तर. बाकी सगळ्यांसाठी तो सुधारक. समाज सुधारण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो गिटारचे अ‍ॅम्प दुरुस्त करायचा, त्यातही जुने व्हॉल्व्हचे, ज्यांच्या पोटात काचेच्या नळ्या तांबूस पेटतात आणि जे उचलताना माणसाची कंबर बोलते. हे नाव त्याला वाजवणाऱ्या मंडळींनी ठेवलं होतं, कारण वस्तू नुसती दुरुस्त करून परत देणं त्याला जमतच नसे. कोणी खरखरणारा स्विच बदलायला अ‍ॅम्प आणला, की स्विच बदलून मिळायचा, शिवाय आतल्या चार वायरी नव्याने ओढलेल्या असायच्या आणि ट्रेबलचं बटण पूर्वी करायचं त्यापेक्षा निराळंच काहीतरी करायला लागलेलं असायचं. गिऱ्हाईक कपाळाला हात लावायचं.

"अहो, मी फक्त स्विच सांगितला होता!"

"स्विच बदललाय की. हात घातलाच होता, तर जरा सुधारलाय."

गंमत अशी की बहुतेक वेळा ते खरंच सुधारलेलं असायचं. म्हणूनच ही खोड मोडली नाही. भांडून गेलेला माणूस महिन्याभराने दुसरा अ‍ॅम्प घेऊन यायचा आणि दारातूनच बजावायचा, "या वेळी डोकं चालवू नका." सुधारक मान डोलवायचा. मान डोलवायला त्याचं काय जात होतं?

त्याची खोली एका लाँड्रीच्या मागच्या बाजूला होती. भिंतीपलीकडून इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास यायचा, अलीकडे सोल्डरच्या राळेचा. टेबलावर कायम दोन-तीन अ‍ॅम्प पोट उघडं टाकून पडलेले. या अ‍ॅम्पमध्ये वीज बंद केल्यावरही जीव घेण्याइतका दाब साठून राहतो, म्हणून जाणता कारागीर आत एकच हात घालतो आणि दुसरा खिशात ठेवतो, म्हणजे चुकून झटका बसला तरी तो छातीतून आरपार जात नाही. सुधारकाला ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की तो भाजी घेतानाही डावा हात खिशात ठेवायचा. बायको म्हणायची, "भोपळ्याला शॉक नसतो हो."

अशा या माणसाच्या हातून आजवर एकच वस्तू सुधारायची राहिली होती, ती म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची गिटार.

दादा दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा आणि शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये बँडबरोबर वाजवायचा. गेली कित्येक वर्षं हाच क्रम. मोठा वादक वगैरे नव्हता तो. भराभर बोटं पळवणं त्याला यायचं नाही आणि आवडायचंही नाही. पण त्याचा एक आवाज होता, आणि तो ऐकायला लोक यायचे. गिटार, एक फझ आणि एक व्हॉल्व्हचा छोटा अ‍ॅम्प, एवढाच त्याचा संसार. फझ म्हणजे पायाने दाबायची डबी. गिटारचा सूर तिच्यातून गेला की फाटून, केसाळ होऊन बाहेर पडतो. साध्या अ‍ॅम्पला जोडली तर पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकल्यासारखी वाटते. पण व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प फुटेल-फुटेल असा चढवून ठेवला, तर त्या नळ्या फझचे काटे बोथट करतात आणि आवाजाला ऊब येते. ते नेमकं ठिकाण दादाला सापडलं होतं. इतर लोक गाण्यात एखाद्या जागी फझ दाबतात. दादा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चालूच ठेवायचा आणि सगळा खेळ उजव्या हाताच्या करंगळीने करायचा. तारा छेडता छेडता ती करंगळी गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या बटणावर टेकलेली असायची. बटण जरा उतरवलं की सूर निवळून स्वच्छ व्हायचा, शेजारी बसून कोणी हळू बोलावं तसा. मग करंगळी बटण जरा जरा चढवायची आणि तोच माणूस गदगदून रडायला लागायचा. हॉटेलात जेवणाऱ्यांचे चमचे थांबायचे. सुधारकाने हे शेकडो वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी त्याचाही चमचा थांबायचा.

अ‍ॅम्पची देखभाल अर्थातच धाकट्याकडे होती. गिटारला मात्र दादा हात लावू द्यायचा नाही.

"का पण?" सुधारक विचारायचा. "तुझी केबल किती लांब आहे बघ. एवढ्या लांब केबलीत वरचे सूर मरतात. मी आत एक छोटंसं..."

"तू अ‍ॅम्प बघ."

"ऐक तरी."

"अ‍ॅम्प बघ, बाळा."

पन्नाशी जवळ आलेल्या माणसाला बाळा म्हटलं की पुढे काय बोलणार? तो अ‍ॅम्प बघायचा. पण ते मनाला लागून राहिलेलं असायचं. सगळं शहर त्याने केलेली कामं वाखाणायचं, आणि ज्याच्या तोंडून एकदा 'वा' ऐकावं म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता, तो त्याला बटणं पुसायची कामं सांगायचा.

मग एके दिवशी मित्राच्या गाडीचं दार दादाच्या करंगळीवर बसलं. हाड मोडलं. प्लॅस्टर घातलं. गिटार बंद होती तोवर बटणातली खरखर काढून घ्यावी, म्हणून वहिनी ती सुधारकाच्या खोलीवर घेऊन आल्या. सोबत दादाचा निरोपही आणला, "फक्त बटण साफ कर. दुसरं काही करायचं नाही."

सुधारकाने बटण साफ केलं. त्याला वेळ कितीसा लागणार? मागची पट्टी उघडीच होती. आत जागा होती. त्याच्या खणात बोटभर लांबीचं एक बफर सर्किट तयार पडलं होतं, गिटारमधून निघणारा नाजूक सूर भक्कम करून पुढे पाठवणारं, म्हणजे केबल कितीही लांब असली तरी वरचे सूर मरत नाहीत. हात घातलाच होता. त्याने ते बटण आणि बाहेरच्या सॉकेटच्या मधे सोल्डर केलं, एक चपटी बॅटरी कोपऱ्यात चिकटवली, आणि पट्टी अशी बसवली की स्क्रूच्या खाचा पूर्वीच्याच दिशेला आल्या. मग गिटार खोलीतल्या अ‍ॅम्पला थेट जोडून वाजवली. आवाज घासून पुसलेल्या काचेसारखा लख्ख आला. तो एकटाच हसला. आता सांगायचं काही नाही, त्याने ठरवलं. दादा वाजवेल, थबकेल, म्हणेल, अरे, हिला काय झालं? इतकी छान कशी वाजतेय? मग आपण खिशात हात घालून म्हणायचं, जरा सुधारलीय.

फझ त्या वेळी दादाच्या घरी कपाटात होता. तो आणून, मधे जोडून एकदा ऐकावं, हे या शहाण्याच्या डोक्यातही आलं नाही.

प्लॅस्टर निघालं त्या रविवारी सुधारक मुद्दाम हजर राहिला. दादाने हात चोळला, गिटार घेतली, फझ दाबला, एक सूर लावला आणि थबकला. इथवर सगळं ठरल्यासारखंच झालं. पण दादाचा चेहरा बघून सुधारकाच्या ओठावरचं हसू तिथेच राहिलं. आवाज कर्कश होता, दाताला कळ आणणारा. दादाची करंगळी बटणावर गेली, बटण उतरलं, आणि सूर निवळलाच नाही. तो तसाच फाटका राहिला, फक्त जरा बारीक झाला. दादाने पुन्हा चढवलं, पुन्हा उतरवलं. मग त्याने बटणाकडे पाहिलं नाही, अ‍ॅम्पकडे पाहिलं नाही. त्याने आपल्या करंगळीकडे पाहिलं.

"अजून ताठ आहे," तो म्हणाला.

त्या दिवशी सुधारकालाही तसंच वाटलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. बोट मोडलेलं होतं, सगळ्यांच्या मनात बोटच होतं. तरी त्याने अ‍ॅम्प खोलीवर नेला. व्हॉल्व्ह बदलून बघितले, स्पीकर बदलून बघितला, जिथे जिथे आवाज चरचरू शकतो तिथे तिथे तपासला. आठवड्याने अ‍ॅम्प परत आणून ठेवला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "दादा, अ‍ॅम्पमध्ये काही नाही. अ‍ॅम्प एकदम ठणठणीत आहे." शहरातल्या सगळ्यात जाणत्या माणसाने निकाल दिला. मग दोष राहिला कोणाचा? करंगळीचा.

दादा फिजिओथेरपीच्या बाईंकडे जायला लागला. त्यांनी रबराचा गोळा दाबायला दिला, गरम पाण्यात हात बुडवायला सांगितला. महिन्याभराने त्या म्हणाल्या की बोटात ताकद आहे, हालचाल आहे, आता अडचण दिसत नाही. दादा म्हणाला, "तुम्हाला दिसत नसेल, मला ऐकू येतं." तो दुकानातही काउंटरखाली गोळा दाबत बसायचा. शनिवारी तो हॉलमध्ये वाजवायचा तेव्हा लोक जेवत राहायचे.

खरं काय ते सुधारकाला कळलं एका मंगळवारी, आणि कळलं ते त्याच्याच तोंडून.

शाळेत गणित शिकवणारी एक बाई त्याच्या खोलीवर आली. हौसेने गिटार वाजवायची, नुकताच एक जुन्या पद्धतीचा फझ घेतला होता. "माझा फझ बिघडलाय," ती म्हणाली. "मैत्रिणीकडे वाजवला तर मखमल होती. माझ्याकडे नुसता किंचाळतो. गिटारचं बटण कमी केलं तरी निवळत नाही."

सुधारकाने तिची पायाची पेडलं बघितली, सूर जुळवायचा ट्यूनर आणि तो फझ, आणि खुर्चीत मागे रेलला. कोणी काही विचारलं की त्याला बरं वाटायचं. "फझला काही झालेलं नाही, बाई. तुम्ही आधी ट्यूनर जोडलाय आणि मग फझ. ट्यूनरमध्ये बफर असतो. तो सूर भक्कम करून पुढे ढकलतो. इतर कुठल्याही पेडलला ते चालतं. या फझला चालत नाही. याला गिटार थेट लागते. गिटारमधली तारेची गुंडाळी आणि ते व्हॉल्यूमचं बटण, हे जणू याच्याच पोटातले भाग आहेत. मधे बफर आला की याचा गिटारशी असलेला संबंधच तुटतो. मग तुम्ही बटण कितीही फिरवा, हा ऐकणार नाही, हा किंचाळतच..."

तो बोलायचा थांबला.

"किंचाळतच काय?" बाईने विचारलं.

भिंतीपलीकडे इस्त्री फुसफुसत होती. "किंचाळत राहतो," तो कसाबसा म्हणाला आणि उठून, पाठ वळवून, काहीतरी शोधायचं नाटक करत राहिला. मग त्याने फझ आधी आणि ट्यूनर नंतर असं जोडून दिलं. बाईने वाजवलं. बटण उतरवलं तसा सूर अलगद निवळला. ती टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली. "किती सोपं होतं!" ती म्हणाली. "तुम्ही नसता तर मी तो टाकूनच दिला असता."

ती गेली आणि सुधारक खुर्चीत बसला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की समोरच्या अ‍ॅम्पच्या चकचकीत पत्र्यात दिसणारं तोंडही त्याला बघवेना. दादाने स्पष्ट नको म्हटलेलं काम आपण चोरून केलं. न तपासता केलं. कोणी नवशिक्यानेही केली नसती अशी चूक, आणि ती केली कोणी, तर बफर आणि फझ यांच्यावर लोकांना प्रवचनं झोडणाऱ्याने. आणि वर अ‍ॅम्प तपासून निकाल देऊन आलो.

तसाच उठून दादाकडे गेला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. शिव्या बसल्या असत्या, हसणं झालं असतं, वहिनींनी वर्षभर ऐकवलं असतं. पण तो गेला नाही. त्याने स्वतःला सांगितलं की गिटार काही निमित्ताने मागून घेऊ, गुपचूप ते सर्किट काढू, कोणाला काही कळायची गरजच पडणार नाही. तो दादाकडे गेला तो तीन दिवसांनी, आणि सहज सुचल्यासारखं म्हणाला, "दादा, गिटार दे ना, बटण पुन्हा एकदा बघतो."

"बटणाला काय झालंय? लोण्यासारखं फिरतं."

"तरी पण."

दादा हसला. त्या हसण्यात माया होती, आणि तीच सुधारकाला सोसेना. "कळतंय मला," दादा म्हणाला. "तुला वाईट वाटतंय माझ्यासाठी. म्हणून कशात तरी दोष शोधतोयस. गिटारमध्ये काही नाही रे. तूच म्हणालास ना, अ‍ॅम्पमध्येही काही नाही. उगाच नको जिवाला त्रास करून घेऊस."

त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. तो चहा प्यायला आणि घरी आला.

त्यानंतर तो दर दोन-चार दिवसांनी जाऊ लागला. सांगायचं ठरवून जायचा. जिन्यात वाक्य जुळवायचा. दारात वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, बरं झालं आलात, तुम्ही आलात की यांना जरा बरं वाटतं," आणि वाक्य घशातच विरघळायचं. मग दादा वाजवायचा, तो समोर बसून ऐकायचा. प्रत्येक सुरात त्याला आपलं सोल्डर ऐकू यायचं. दादा करंगळी हलवून हलवून रडवेला व्हायचा आणि याच्याकडे बघायचा. हा म्हणायचा, "होईल हळूहळू." जेवढे दिवस जात होते, तेवढं सांगणं कठीण होत होतं, कारण आता नुसती चूक सांगायची नव्हती, न सांगितलेले दिवसही सांगायचे होते. घरी बायकोने विचारलं, "जेवण का जात नाही तुम्हाला?" तो म्हणाला, पोट बरं नाही. बायकोने ओव्याची पूड दिली. ती त्याने मुकाट्याने गिळली.

अशाच एका संध्याकाळी दादाने गिटार बाजूला ठेवली आणि विचारलं, "एक विचारू? खरं सांग. बँड सोडू का?"

वहिनी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे?" सुधारक म्हणाला.

"म्हणजे मला कळतंय, ते लोक भिडेखातर गप्प आहेत. माझ्यामुळे सगळ्यांचं वाजवणं खराब होतंय. तुला कान आहे. तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस. सांग, सोडू?"

याहून सरळ प्रश्न कोणी कोणाला विचारला नसेल. सुधारकाचा डावा हात खिशात होता, आणि त्याची मूठ वळली होती. सांगितलं, तर दादा विचारणार, मग इतके दिवस काय करत होतास? त्या एका प्रश्नाला तो इतका भ्यायला होता, की त्याने म्हटलं, "दादा, तुला योग्य वाटेल ते कर."

दादाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने बँडच्या ड्रमवाल्याला फोन करून सांगितलं की बोट साथ देत नाही, माझ्या जागी कोणी बघा. ड्रमवाल्याला वाईट वाटलं, पण त्याने फार आग्रहही केला नाही. त्यांनी माणूस शोधला. मिळाली ती तीच गणिताची शिक्षिका. तिचा फझ म्हणे काय सुंदर वाजतो, अगदी मखमल.

हे ऐकल्यावर मात्र सुधारकाला राहवेना. दादा दुकानात असताना तो घरी गेला आणि वहिनींना म्हणाला, "गिटार नुसती पडून खराब होईल. साफ करून ठेवतो." वहिनींनी कपाटावरून खाली काढून दिली. दादाने तिच्यावर चादर टाकली होती. खोलीवर येऊन त्याने पट्टी उघडली, आपलं सर्किट उपटून काढलं, बॅटरी काढली, वायर पूर्वी होती तशी जोडली. संध्याकाळ व्हायच्या आत गिटार चादरीखाली परत होती. चोर चोरी करून आणतो, हा चोरी परत ठेवून आला, पण चालणं तेच, भिंतीला धरून.

दोन दिवस गेले. मग दादाचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता ये," एवढंच तो बोलला, आणि त्याचा आवाज ओला होता.

सुधारक गेला तेव्हा दार उघडंच होतं. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. आत दादा वाजवत होता. सूर आधी हळू बोलत होता, शेजारी बसल्यासारखा. मग करंगळी हलली, आणि सूर भरून आला. तीच ऊब, तोच हुंदका. दादाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो हसत होता.

"आलं," तो म्हणाला. "बोट आलं रे परत! सहज घेतली हातात, म्हटलं चादर काढून पुसावी, आणि बघ!" त्याने फिजिओच्या बाईंना आधीच फोन करून आभार मानले होते. त्या बिचाऱ्या गोंधळल्या होत्या. वहिनींनी डोळे पुसले आणि सुधारकाच्या पुढ्यात चहा ठेवला. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही दर दोन दिवसांनी येऊन बसलात, धीर दिलात. दुसरं कोणी एवढं केलं नसतं. यांचं बोट तुमच्यामुळे बरं झालं."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते सुधारकाला त्या कपाकडे बघताना कळलं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. सगळं आपोआप झाकलं गेलं होतं. पण तो आभाराचा चहा त्याच्याच्याने उचलवेना.

"बोटाला काही झालंच नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"बोट प्लॅस्टर निघालं तेव्हाच बरं होतं, दादा. मी गिटारमध्ये बफर बसवला होता. बटण साफ करायला दिली होतीस तेव्हा. तुला न विचारता. त्याने फझ बिघडला. परवा मी तो काढला."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि सुधारकाला वाटलं की तो रडतोय, पण दादा हसत होता. पोट धरून हसत होता.

"अरे गाढवा!" तो म्हणाला. "अरे महामूर्खा! ऐकलंस का गं? याने आत बफर घातला! आणि मी दोन महिने रबराचा गोळा दाबतोय!" त्याने उठून सुधारकाच्या पाठीत जोरात थाप मारली. "तरीच! तरीच म्हटलं, ताकद आहे तर सूर का नाही! म्हणजे बोट शाबूत होतं? सगळा वेळ? अरे, मला वाटलं होतं मी संपलो!" त्याने धाकट्याचं डोकं आपल्या छातीशी ओढून धरलं, अगदी लहानपणी धरायचा तसं. "जाऊ दे. काढलास ना? झालं तर मग. तू आणि तुझं सुधारणं!"

सुधारकाला रडू आलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. एवढंच होतं तर! या माणसाला आपण इतके दिवस भीत होतो!

दादाने गिटार पुन्हा मांडीवर घेतली. बटण चढवलं, उतरवलं, लाडाने. आणि खाली बघतच, हसू अजून ओठांवर असतानाच, त्याने विचारलं, "पण तुला कळलं कसं? आणि कधी कळलं?"

परवा, म्हणता आलं असतं. एक शब्द होता. दादाने त्यावर विश्वास ठेवला असता, कारण त्याला विश्वास ठेवायचाच होता. सुधारकाने वहिनींकडे पाहिलं. त्यांना काही कळलं नव्हतं, त्या कौतुकाने दोघांकडे बघत होत्या.

"तू बँड सोडायच्या आधी," तो म्हणाला. "बरंच आधी."

दादाची करंगळी बटणावरच थांबली.

"मी तुला विचारलं तेव्हा?"

"तेव्हा कळलेलं होतं."

"मी म्हटलं, सोडू का. तेव्हा?"

"हो."

"समोर बसून ऐकायचास. तेव्हा?"

सुधारकाने मान डोलवली. वहिनींच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू निघून गेलं. समोरच्या बाई आपल्या घरात परत गेल्या. दादाने वाकून अ‍ॅम्प बंद केला. नळ्यांमधला तांबूस उजेड जरा वेळ राहिला आणि विझला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर सुधारकाने पाय धरले असते.

"आता ड्रमवाल्याशी मी बोलतो," सुधारक म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी..."

"नको. त्या गणिताच्या बाई चांगल्या वाजवतात म्हणे. त्यांना उठवायचं नाही." दादाने केबल काढली, मनगटाभोवती नीट गुंडाळली, गिटार पेटीत ठेवली. हे सगळं करेपर्यंत त्याने एकदाही वर पाहिलं नाही. मग तो दारापाशी गेला आणि दाराची कडी धरून उभा राहिला.

सुधारक उठला. चहावर साय धरली होती. दारात तो थांबला, दादा काहीतरी बोलेल म्हणून. आजवर या घरातून निघताना दादा त्याला "ये रे, बाळा" म्हणत आला होता.

"या," दादा म्हणाला. आणि दार लावायच्या आधी, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तितक्या सभ्यपणे, त्याने सांगितलं, "जिन्यातला दिवा गेलाय. जपून उतरा तुम्ही."